‘काय लिहू?’ असे विचारणाऱ्या मुलाला लिहिते करताना

‘पावसाळा’ या विषयावर दहा ओळी लिहा, असे फळ्यावर लिहिले की तिसरीच्या वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच मजकूर उमटतो: ‘पावसाळा हा ऋतू मला खूप आवडतो. पावसाळ्यात सगळीकडे हिरवेगार दिसते. शेतकरी आनंदी होतात.’ आणि मधल्या सुट्टीत त्याच वर्गातली एक मुलगी डबा खाता खाता सांगत असते की काल ओढ्याला पाणी आले, तिची एक चप्पल वाहून गेली, दुसरी तिने रागाने तिच्यामागे फेकून दिली आणि घरी गेल्यावर आजी म्हणाली, ‘बरे झाले, जोडी तरी एकत्र राहिली.’ ही हकिकत तिच्या वहीत का आली नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजेच प्राथमिक वर्गातील लेखन सुधारणे, असे अनेक वर्षे पहिली ते पाचवीचे वर्ग सांभाळल्यानंतर माझे मत झाले आहे. मुलाकडे सांगण्यासारखे असते. तोंडातले कागदावर कसे उतरवायचे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

आपल्याकडे ‘लेखन सुधारा’ म्हटले की पालक ‘अक्षर सुधारा’ असे ऐकतात आणि शिक्षक ‘शुद्धलेखन सुधारा’ असे ऐकतात. अक्षराचे वळण, शब्दांचे अचूक लेखन आणि मनातले मुद्देसूद मांडणे ही तीन वेगळी कामे आहेत. तिन्ही शिकवावी लागतात, पण एकाच वेळी एकाच पानावर तिन्हींचा आग्रह धरला की मूल सर्वांत सुरक्षित मार्ग निवडते, म्हणजे जी वाक्ये नक्की बरोबर येतात तेवढीच लिहिते. म्हणून पुढच्या पायऱ्यांत ही कामे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत.

पहिली पायरी: हात तयार करणे

बालवाडीत आणि पहिलीच्या सुरुवातीच्या महिन्यांत बोटांत बळ आणि ताबा येण्याआधीच पेन्सिल हाती देऊन रेघांमध्ये लिहायला लावले, तर मूल पेन्सिल मुठीत आवळते आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे जात नाही. या वयात शेंगा आणि मटार सोलणे, तांदळातले खडे निवडणे, कणकेचे गोळे करणे, फुले ओवणे, मातीची चित्रे करणे, कात्रीने कापणे ही सारी लेखनाचीच तयारी असते. रांगोळीच्या ठिपक्यांची तर तुलनाच नाही, कारण तिथे चिमूट, दिशा आणि अंतर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पाटी आता अनेक घरांतून गेली असली, तरी सुरुवातीला ती वहीपेक्षा चांगली असते. मोठे अक्षर काढता येते आणि चुकले तर हाताने पुसले की संपले, कागदावरच्या खाडाखोडीसारखा पुरावा मागे राहत नाही.

पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या आधाराने, टोकापासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर धरलेली असावी. बसताना पाय टेकलेले असावेत आणि दुसरा हात वहीवर असावा. जमिनीवर बसणाऱ्या मुलांसाठी छोटे डेस्क नसेल, तर उपड्या ठेवलेल्या पाटावरही काम भागते. डावखुऱ्या मुलाची वही किंचित उजवीकडे कलती ठेवावी आणि त्याला बाकावर डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याचा कोपर त्याला लागणार नाही. त्याचा हात बदलण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. आजही काही घरांतून तो होतो, म्हणून हे वाक्य लिहावे लागते.

दुसरी पायरी: अक्षरे, पण ‘क ख ग’च्या क्रमाने नव्हे

वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला आहे आणि तो पाठ करायला उत्तम आहे; लिहायला शिकताना त्याचा उपयोग कमी. हाताला आकार समजतात. ग, म, न, भ यांना उजवीकडे उभी रेघ आहे. व, ब, क यांत तोच गोल आहे. प, ष, फ एका घरातले. ट, ठ, ढ, द हे वरून लोंबणारे. अशा गटांत अक्षरे घेतली की एका वळणातून दुसरे सुटते आणि चार-पाच अक्षरे येताच काना जोडून ‘गाव’, ‘नाक’, ‘वाघ’ यांसारखे अर्थ असलेले शब्द लिहिता येतात. पहिल्याच आठवड्यात मुलाने काहीतरी अर्थपूर्ण लिहिले पाहिजे, हा आग्रह मी कधीही सोडलेला नाही.

जिथे गोंधळ होतो ती अक्षरे एका दिवशी शिकवू नयेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ड आणि इ यांत निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि दोन्ही पक्की झाल्यावरच शेजारी ठेवून फरक दाखवावा. ‘ख’ लिहिताना र आणि व सुटे पडले तर वाचणारा फसतो, हे ‘खाणे’ आणि ‘रवाणे’ फळ्यावर लिहून दाखवले की मुले हसतात आणि विसरत नाहीत. ल आणि श यांची मोबाइलवर दिसणारी रूपे बऱ्याचदा हिंदी वळणाची असतात. मुलाला पाठ्यपुस्तकातले वळण दाखवावे आणि घरातही तेच वापरावे.

शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगवेगळी न देता पूर्ण शब्द झाल्यावर एकदम द्यावी. यामुळे शब्द हा एक तुकडा आहे, हे डोळ्यांना दिसते आणि दोन शब्दांतील जागा आपोआप सुटू लागते. दोन शब्दांत बोट ठेवण्याची जुनी युक्ती पहिलीत चालते, नंतर ती सोडवावी.

पानभर एकच अक्षर गिरवायला देण्याबद्दल थोडे सांगायला हवे. असे पान नीट पाहिले तर पहिली ओळ सर्वांत चांगली आणि शेवटची सर्वांत वाईट असते, कारण मूल नमुन्याकडे पाहत नाही, स्वतःच्या वरच्या ओळीची नक्कल करते, आणि चूक ओळीओळीने वाढत जाते. त्याऐवजी तीन ओळी द्याव्यात, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नमुना द्यावा आणि शेवटी मुलालाच विचारावे, ‘यातले तुझे सर्वांत छान अक्षर कोणते?’ त्याने स्वतः गोल केलेले अक्षर हा त्याचा उद्याचा नमुना. रोज दहा मिनिटे पुरतात. सुंदर अक्षर ही सोय आहे, सद्गुण नव्हे. वाचता आले, ओळीत आले आणि हात दुखला नाही, एवढे जमले की पुढे जावे.

तिसरी पायरी: ऐकलेले अचूक लिहिणे

श्रुतलेखन ही फार चांगली रीत आहे, पण ती परीक्षेसारखी घेतली जाते. शिक्षकाने धड्यातील अवघड शब्द सांगायचे, मुलांनी लिहायचे आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, या प्रकारात जो शब्द चुकला तोच चुकीच्या रूपात मनात पक्का होण्याची शक्यता असते. माझी पद्धत अशी: आठ शब्द आदल्या दिवशी फळ्यावर लिहावेत, प्रत्येक शब्द मुलांनी मोठ्याने म्हणावा, त्यातली अडचणीची जागा त्यांनीच दाखवावी, मग शब्द झाकून लिहावा आणि उघडून पडताळावा. दुसऱ्या दिवशी तेच आठ शब्द दोन-तीन वाक्यांत घालून सांगावेत. तपासणी मुलाने स्वतः, पुस्तक उघडून करावी.

पहिल्या वेलांटीचा गोंधळ बहुतेक मुलांना होतो आणि तो निष्काळजीपणाचा नसतो. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो आणि मग इ, पण लिहिताना वेलांटी क च्या आधी येते. मूल कानाला प्रामाणिक राहते आणि हात चुकतो. येथे आधी अक्षर लिहून मग मागे येऊन वेलांटी द्यायला सांगितले, तरी चालते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सगळे नियम सांगण्याची गरज नाही. चौथी-पाचवीत दोन पुरेत. पहिला असा की मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो: पाटी, चिमणी, वस्तू, लाडू. दुसरा असा की ‘फूल, दूध, मूल, खीर’ अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो, पण शब्द पुढे वाढला की तो ऱ्हस्व होतो: फुलाला, दुधात, मुलाने, खिरीत. मुलांकडून अशा जोड्यांचा संग्रह करून घेतला तर नियम त्यांना स्वतःच सापडतो. ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’ असे संस्कृतातून आलेले शब्द या चौकटीत बसत नाहीत. त्यांची वेगळी यादी वर्गात टांगावी. घरी मदत करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी एक लक्षात ठेवावे: १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आहेत. जुन्या पत्रांतले ‘नांव’ आणि ‘घरांत’ त्या काळी बरोबर होते, पण आज मुलाने ‘नाव’ आणि ‘घरात’ लिहिले तर ती त्याची चूक नव्हे. अनेकवचनाचा अनुस्वार मात्र अर्थ बदलतो, म्हणून ‘मुलाने’ आणि ‘मुलांनी’ यांतला फरक पक्का करून घ्यावा.

मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते तेव्हा त्याला ध्वनी नीट ऐकू येतो आणि ऐकलेले लिहिता येते, हे सिद्ध झालेले असते. त्याच्या घरी जे बोलतात ते त्याने अचूक लिहिले आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी, नंदुरबारकडील भिली-पावरी किंवा खानदेशातील अहिराणी बोलणाऱ्या मुलाला तर आपण एका भाषेत विचार करून दुसरीत लिहायला सांगत असतो. पहिल्या खर्ड्यात घरचे शब्द येऊ द्यावेत. दुसरा खर्डा करताना ‘पुस्तकात हा शब्द कसा लिहितात, पाहू’ एवढेच म्हणावे. ‘तुझी भाषा अशुद्ध आहे’ हे वाक्य ऐकलेले मूल पुढच्या वेळी कमी लिहिते. मी ते पाहिले आहे. ‘केलं, गेलं’ आणि ‘केले, गेले’ यांचेही तसेच आहे: बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना पहिले रूप, एरवी दुसरे, हे चौथीच्या मुलाला दहा मिनिटांत समजते.

चौथी पायरी: आधी बोलणे, मग लिहिणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी आहे. पहिली-दुसरीत मुलाने सांगावे आणि मोठ्याने त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘काल आमच्या मांजरीनं दूध सांडलं’ असे मूल म्हणाले, तर तेच वाक्य मोठ्या अक्षरात लिहावे, बोट ठेवून त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि मग त्याने खाली चित्र काढावे. आपण बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हा शोध मुलाला असाच लागतो. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या अनुभवाला आणि स्वतःच्या शब्दांतील अभिव्यक्तीला जे स्थान मिळाले, ते पाहिलेल्या शिक्षकाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

शाळेत यासाठी नवा तास शोधण्याची गरज नाही, कारण परिपाठ रोज होतोच. त्यातल्या बातम्या वर्तमानपत्रातून उतरवून वाचण्याऐवजी रोज दोन मुलांनी गावातली, गल्लीतली किंवा घरातली बातमी आदल्या दिवशी लिहून आणावी. ‘आमच्या विहिरीवरची मोटर जळाली’, ‘पाटलांच्या म्हशीला रेडकू झाले’ अशा बातम्या सगळा वर्ग कान देऊन ऐकतो आणि लिहिणाऱ्याला कळते की समोर ऐकणारा आहे.

तिसरीपासून लेखनाच्या तासाचे तीन भाग करावेत: दहा मिनिटे जोडीने बोलणे, पंधरा मिनिटे न थांबता लिहिणे आणि दहा मिनिटे आपलेच लेखन पुटपुटत वाचून दुरुस्त करणे. मधल्या पंधरा मिनिटांत खोडरबर दप्तरात ठेवायला सांगावे. एखादा शब्द अडला तर येईल तसा लिहून त्याखाली रेघ मारावी आणि पुढे जावे.

पाचवी पायरी: विषय लहान करणे आणि प्रश्न विचारणे

‘माझी आई’, ‘माझा आवडता पक्षी: मोर’, ‘माझी शाळा’ हे विषय वाईट नाहीत, पण इतके मोठे आहेत की मूल त्यांत हरवते आणि मार्गदर्शिकेतला निबंध पाठ करते. त्यांना बारीक करावे. आईवर नको, आई सकाळी घाईत असते तेव्हाच्या पाच मिनिटांवर लिहू दे. शाळेवर नको, शाळेतल्या नळावर लिहू दे.

चौथीतल्या एका मुलाने ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर लिहिले होते: ‘गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात. ती आपल्याला दूध देते. मला गाय आवडते.’ एकही चूक नव्हती. लेखन तपासून बरोबरची खूण करता आली असती. त्याऐवजी मी विचारले, ‘तुमच्याकडे गाय आहे का? तिचे नाव काय? ती कधी रागावते? तेव्हा कोण काय करते?’ त्याने उत्तरे तोंडी दिली आणि मी एवढेच म्हणालो, ‘आत्ता मला जे सांगितलेस, तेच लिही.’ दुसरा खर्डा असा होता: ‘आमच्या तांबडीला नवा माणूस चालत नाही. मामा धार काढायला बसला तेव्हा तिने बादली लाथाडली. मग आई तिच्या कपाळावर हात फिरवत उभी राहिली आणि मामाने परत धार काढली. तांबडी डोळे मिटून उभी होती.’ या वेळी ‘लाथाडली’ची वेलांटी चुकली होती. ती चूक मी त्या दिवशी दाखवली नाही.

प्रश्न विचारताना ‘अजून लिही’ म्हणू नये. त्याने मूल फक्त लांबवते. कोण, कुठे, कधी, कसा आवाज, कसा वास, मग काय झाले, तू काय म्हणालास, असे एकेक नेमके विचारावे. काही आठवड्यांनी हेच प्रश्न भिंतीवर लावले की मुले ते एकमेकांना विचारू लागतात आणि शिक्षकाचा निम्मा भार उतरतो.

सहावी पायरी: तपासणी

लाल शाईने भरलेले पान पालकांना शिक्षकाच्या मेहनतीचा पुरावा वाटते, मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते की आपण खूप चुकलो. एका लेखनात एकाच प्रकारची चूक निवडावी: या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात अनेकवचनाचा अनुस्वार. चूक दुरुस्त करून न देता त्या ओळीपुढे समासात एक टिंब द्यावे आणि चूक मुलानेच शोधावी. आणि शेवटी वाचकाने लिहावे तसे एक वाक्य लिहावे. ‘छान’ नव्हे, ‘तांबडी डोळे मिटून उभी होती, हे वाचून मला ती दिसली’, असे. चाळीस वह्यांना हे शक्य नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून रोज आठच वह्या घ्याव्यात. आठवड्यातल्या पाच दिवसांत सर्वांची पाळी येते.

घरी काय करावे

घरी शाळेची नक्कल नको. वेगळा ‘लेखनाचा अभ्यास’ देण्यापेक्षा घरातले खरे लेखन मुलाकडे सोपवावे: किराण्याची यादी, पाहुण्यांचा निरोप, दूधवाल्याचा हिशेब, ‘दार ओढून घे, कुलूप लावू नकोस’ अशी चिठ्ठी. यादीत ‘साकर’ लिहिले तरी साखर आणावी आणि घरी आल्यावर पुडीवरचे नाव त्याला वाचायला द्यावे.

दिवाळीत किल्ला होतोच. बुरूज, दरवाजे आणि तळी यांच्या पाट्या लिहिणे, किल्ल्याची माहिती पाहणाऱ्यांसाठी पुठ्ठ्यावर लिहून लावणे आणि सुट्टी संपल्यावर ‘आम्ही किल्ला कसा केला’ हे क्रमाने लिहिणे, एवढ्यात वर्णन आणि कृतिलेखन दोन्ही होते. पोस्टकार्डावर मामाला किंवा आजीला पत्र लिहावे, सहा आकडी पिनकोड मुलानेच शोधावा आणि समोरच्याने उत्तर पाठवलेच पाहिजे. ही अट मोठ्यांसाठी आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी तर हे पत्र म्हणजे रोमन लिपीतल्या संदेशांपलीकडे देवनागरी लिहिण्याचे खरे कारण असते.

वाचनाशिवाय लेखनाला खत मिळत नाही. रात्री दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणे पाचवीपर्यंत थांबवू नये. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते. जुने अंक संकेतस्थळावर पाहता येतात आणि मुलांनी लिहिलेला मजकूरही त्यात येतो, तो आपल्या मुलाला जरूर दाखवावा. फोनवर बोलून मजकूर उमटवण्याची सोय तिसरीपर्यंत टाळलेली बरी. त्यानंतर लांब हकिकत आधी बोलून उमटवावी आणि मग वहीत सुधारून उतरवावी, असा तिचा चांगला उपयोग होतो.

अडचण वेगळी असेल तेव्हा

सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणे नेहमीचे असते. तिसरीच्या अखेरीसही अक्षरे उलटी होत असतील, फळ्यावरून उतरवताना शब्द गळत असतील, तोंडी उत्तम सांगणारे मूल दोन ओळींत थकत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचा, समावेश आहे आणि तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळाल्यास मुलाला परीक्षेत सवलती मिळू शकतात. तपासणीला जाताना मुलाची वर्षभराची वही सोबत न्यावी. त्यासाठी जूनपासूनच प्रत्येक लेखनावर तारीख घालण्याची आणि पहिला खर्डा फाडून न टाकण्याची सवय सर्वच मुलांना लावावी.